राजाविना राज्याची पदके

सेवागौरव ऑर्डर, क्रोएशियन भाषेत ‘रेद झा झास्लुगे’, हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्या’चा मुलकी राजसन्मान होता. आन्ते पावेलिच याच्या राजवटीने तो १९४२ मध्ये सुरू केला आणि मे १९४५ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तोही संपला. त्याच्या आधी, १९४१ मध्ये, राजा झ्वोनिमिरच्या मुकुटाची ऑर्डर, लोखंडी त्रिदलाची लष्करी ऑर्डर आणि खुद्द पावेलिचच्या नावाचे शौर्यपदक अस्तित्वात आले होते. जेमतेम चार वर्षे टिकलेल्या, ज्याचा राजा कधी राजधानीत आला नाही आणि ज्याच्या भूमीवर दोन परकी सैन्ये तळ देऊन होती अशा राज्याने सन्मानांची एवढी भरगच्च उतरंड रचली होती. ही पदके कोणत्या नमुन्यांवरून घडवली, कोणाच्या छातीवर लावली आणि कोणाच्या वाट्याला कधीच आली नाहीत हे पाहिले, की त्या राज्याचा पाया कशावर होता ते बऱ्यापैकी उलगडते.

युरोपात ‘ऑर्डर’ म्हणजे मुळात शूर सरदारांचा संघ. धर्मयुद्धांच्या काळात असे संघ प्रतिज्ञाबद्ध लढवय्यांचे असत. पुढे राजांनी आपल्या मर्जीतल्या सरदारांसाठी दरबारी संघ काढले. नेपोलियनने १८०२ मध्ये ‘लेजिअन ऑफ ऑनर’ स्थापन केली तेव्हा या जुन्या कल्पनेला आधुनिक सरकारी साचा मिळाला. जन्म कोणत्या घरात झाला हे न पाहता सेवेनुसार श्रेणी ठरल्या. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक युरोपीय राज्याने हा साचा उचलला. खालच्या श्रेणीचे पदक छातीवर फितीला लटकते, मधल्या श्रेणीचे गळ्यात येते, आणि सर्वोच्च श्रेणीचा मानकरी खांद्यावरून तिरका रुंद पट्टा घेतो व छातीवर तारा लावतो. नवे राज्य जन्माला आले, की ध्वज, चलन आणि टपाल तिकिटांच्या जोडीला ऑर्डर निर्माण करणे हा शिरस्ताच झाला. हिटलरच्या आश्रयाने १९३९ मध्ये उभ्या राहिलेल्या स्लोव्हाकियानेही राजपुत्र प्रिबिनाच्या नावाची ऑर्डर काढली होती. क्रोएशियाने त्याच वाटेवर पाऊल टाकले, पण फार घाईने.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनी आणि तिच्या मित्रांनी युगोस्लाव्हियावर हल्ला केला. चार दिवसांनी, १० एप्रिलला, जर्मन फौजा झाग्रेबमध्ये शिरत असताना स्लाव्को क्वातेर्निक याने नभोवाणीवरून स्वतंत्र क्रोएशिया राज्याची घोषणा केली. क्वातेर्निक हा जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला अधिकारी. पहिल्या महायुद्धात तो फील्डमार्शल बोरोएविच याच्या हाताखाली होता. पावेलिच त्या वेळी इटलीत होता. झाग्रेबचा हा वकील १९२९ मध्ये राजा अलेक्झांडरने युगोस्लाव्हियात हुकूमशाही लादल्यावर देश सोडून गेला होता आणि परदेशात त्याने ‘उस्ताशा’ ही सशस्त्र संघटना उभारली होती. १९३४ मध्ये मार्से येथे राजा अलेक्झांडरची हत्या झाली, त्या कटात उस्ताशांचा हात होता. १५ एप्रिल १९४१ च्या पहाटे पावेलिच झाग्रेबला पोहोचला आणि ‘पोग्लाव्निक’, म्हणजे सर्वोच्च नेता, या पदवीने राज्याचा धनी झाला. आजचा बहुतेक क्रोएशिया, सगळा बोस्निया-हर्झेगोव्हिना आणि बेलग्रेडच्या वेशीपर्यंतचा स्रेम प्रांत या राज्यात मोडत होता. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या एका सीमारेषेने त्याचे दोन भाग केले होते. एका भागात जर्मन सैन्य, दुसऱ्यात इटालियन. नावातला ‘स्वतंत्र’ हा शब्द इथूनच लंगडा होता.

सत्ता हाती आल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत राजवटीने हुकुमांचा सपाटाच लावला. ३० एप्रिलला वंशविषयक कायदे आले. १५ मे रोजी झ्वोनिमिरच्या मुकुटाविषयीचा हुकूम निघाला. राज्याचे सार्वभौमत्व या मुकुटात सामावले आहे असे त्यात जाहीर केले होते. झ्वोनिमिर निवडण्यामागे कारण होते. दमितार झ्वोनिमिर हा अकराव्या शतकातला क्रोएशियन राजा. १०७५-७६ च्या सुमारास स्प्लिटजवळच्या सोलिन येथे पोप ग्रेगरी सातवा याच्या प्रतिनिधीने त्याला मुकुट चढवला आणि १०८९ पर्यंत त्याने राज्य केले. क्र्क बेटावरच्या बाश्का येथील, इ.स. ११०० च्या आसपासच्या शिलालेखात त्याचे नाव राजा म्हणून येते. ग्लागोलिती लिपीतला हा लेख क्रोएशियन लोकांच्या दृष्टीने त्यांच्या लेखी परंपरेचा मानबिंदू आहे. झ्वोनिमिरनंतर थोड्याच काळात, ११०२ मध्ये, क्रोएशियाचा मुकुट हंगेरीच्या राजाकडे गेला आणि पुढची आठ शतके देशाला स्वतःच्या घराण्यातला राजा लाभला नाही. राष्ट्रवाद्यांच्या मनात म्हणूनच झ्वोनिमिर म्हणजे हरवलेल्या राज्याचे नाव झाले होते.

त्या नावाला एक दंतकथा चिकटलेली आहे. उत्तरकालीन बखरींनुसार पोपच्या विनंतीवरून पूर्वेकडच्या मोहिमेला निघण्याचे आवाहन झ्वोनिमिरने केले, तेव्हा संतापलेल्या प्रजेने क्निनजवळ त्याला ठार मारले. मरताना त्याने शाप दिला, की क्रोएशियनांना पुन्हा कधी आपल्या भाषेचा राजा मिळणार नाही. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. तरीही १९४१ च्या मे महिन्यात जे घडले ते या शापाच्या चौकटीत अगदी नेमके बसते. मुकुटाचा हुकूम निघाल्यावर तीनच दिवसांनी, १८ मे रोजी, पावेलिच शिष्टमंडळ घेऊन रोमला गेला आणि इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने आपल्या घराण्यातून क्रोएशियाचा राजा नेमावा अशी विनंती त्याने केली. राजाने स्पोलेतोचा ड्यूक आयमोने याचे नाव पुढे केले. त्याला ‘तोमिस्लाव्ह दुसरा’ हे नाव मिळाले. त्याच दिवशी झालेल्या रोम करारांनी दाल्मेशियाच्या किनाऱ्याचा मोठा पट्टा इटलीला दिला गेला. मध्ययुगातल्या झ्वोनिमिरचा मुकुटही रोमहूनच आला होता, तेव्हा इतिहासाचा धागा जोडण्याची हौस राजवटीच्या अपेक्षेपेक्षा जास्तच फळाला आली म्हणायची. आयमोने क्रोएशियात कधी आलाच नाही. इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शरणागती पत्करल्यावर पावेलिचने रोमचे करार रद्द ठरवले आणि आयमोनेनेही त्याच वर्षी या नाममात्र राजपदावरचा दावा सोडला. झ्वोनिमिरच्या मुकुटाची ऑर्डर मात्र शेवटपर्यंत दिली जात राहिली.

या ऑर्डरच्या तीन श्रेणी होत्या आणि वर ‘वेलेरेद’ नावाची महाश्रेणी. पहिल्या श्रेणीला तारा जोडून आणखी एक पायरी केलेली होती. युद्धातल्या कामगिरीसाठी दिलेल्या पदकावर तलवारी असत, शांततेच्या सेवेसाठी दिलेल्यावर नसत. हा भेद मध्य युरोपात जुना आहे आणि ऑस्ट्रियाच्या अंमलात वाढलेल्या अधिकाऱ्यांना तो शिकवावा लागला नाही. शिपाई, कारकून आणि खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्यांसाठी याच मुकुटाच्या नावाची रुपेरी, ब्राँझची आणि लोखंडी पदके होती. ऑर्डर साहेबांना आणि पदक हवालदाराला, ही दोन मजल्यांची रचनाही थेट व्हिएन्नाची.

शौर्यपदकात तर ऑस्ट्रियाची छाप अधिकच उघड होती. सम्राट जोसेफ दुसरा याने १७८९ मध्ये सामान्य सैनिकांसाठी शौर्यपदक सुरू केले होते. आधी सोन्याचे आणि चांदीचे, १८४८ पासून चांदीच्या दोन श्रेणी, आणि १९१५ मध्ये ब्राँझचे, असा त्याचा विस्तार होत गेला. क्रोएशियन खेड्यांमधून पहिल्या महायुद्धावर गेलेल्या हजारो माणसांना या पदकाची किंमत ठाऊक होती, कारण वरच्या श्रेणीच्या पदकासोबत दरमहा पैसेही मिळत. पावेलिचच्या शौर्यपदकाच्या श्रेणी नेमक्या त्याच होत्या: सुवर्ण, मोठे रौप्य, छोटे रौप्य आणि ब्राँझ. ऑस्ट्रियाच्या पद्धतीनेच फीत त्रिकोणात घडी घालून लावली जाई. बदल होता तो चेहऱ्यात. जुन्या पदकावर सम्राटाची मुद्रा असे, नव्यावर पोग्लाव्निकची. जिवंत नेत्याचा चेहरा आणि नाव पदकावर घालण्याची ही पद्धत राजेशाहीत स्वाभाविक होती. राजाचे सिंहासन रिकामे ठेवणाऱ्या राजवटीत त्या जागी कोण बसले होते ते तिने न सांगता दाखवून दिले.

लोखंडी त्रिदलाच्या लष्करी ऑर्डरचा आदर्श उत्तरेकडचा होता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याने १८१३ मध्ये, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, लोखंडी क्रूस सुरू केला. खजिना रिता असताना लोखंड हाच त्यागाचा धातू ठरला आणि पुढे जर्मन सैन्याची तीच ओळख बनली. क्रोएशियाने क्रूसाच्या जागी त्रिदल घेतले. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या दाल्मेशियाच्या चर्चमध्ये दगडी कठड्यांवर आणि चौकटींवर पट्ट्यांच्या विणीची नक्षी कोरलेली आढळते. ‘प्लेतेर’ म्हणतात ती हीच. तिचाच एक आकार तीन पाकळ्यांच्या गाठीचा. ही नक्षी ज्या काळातली, त्याच काळातले क्रोएशियन राजे, म्हणून राष्ट्रवादी कलेत तिला मोठे स्थान मिळाले. राजवटीने तिचा सढळ वापर केला. राज्याच्या ध्वजाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात या विणीच्या गाठीत उस्ताशांचे ‘उ’ हे अक्षर बसवलेले होते. लोखंडी त्रिदलाच्या चार श्रेणी होत्या आणि विशेष मान म्हणून तिला ओकची पाने जोडता येत. वरच्या श्रेणीच्या मानकऱ्याला ‘वितेझ’, म्हणजे शूर सरदार, ही पदवी नावामागे लावता येई. हंगेरीत राज्यपालक होर्तीने १९२० मध्ये ‘वितेझ’ नावाचाच सन्मानसंघ काढला होता आणि त्याच्या सदस्यांना जमीन दिली जाई. क्रोएशियात जमिनीचा प्रश्न नव्हता, पण पदवीचा डौल तोच होता. काळ्या सैन्यदलाचा म्होरक्या युरे फ्रान्त्सेतिच याच्यासारख्या उस्ताशा सेनानींचे नाव वर्तमानपत्रांतून ‘वितेझ’ या उपाधीसह छापले जाऊ लागले.

या सगळ्या व्यवस्थेत सेवागौरव ऑर्डर ही मुलकी बाजू सांभाळत होती. राज्याची आणि जनतेची सर्वसाधारण सेवा केलेल्यांना ती दिली जाई: अधिकारी, धर्मगुरू, शिक्षक, प्राध्यापक, राजनैतिक पाहुणे. तिच्याही तीन श्रेणी आणि वर महाश्रेणी होती. दोन बाबतींत ती आधीच्या ऑर्डरपेक्षा वेगळी होती. एक म्हणजे ती स्त्रियांनाही मिळू शकत असे. दुसरी अधिक अर्थपूर्ण: मुसलमान मानकऱ्यांसाठी तिचे क्रूस वगळलेले वेगळे रूप होते. रशियाच्या झारांनी एकोणिसाव्या शतकातच असा पायंडा पाडला होता. तिथे ख्रिस्ती नसलेल्या सरदारांना दिलेल्या ऑर्डरवर संताच्या चित्राऐवजी दुतोंडी गरुड असे. क्रोएशियात मात्र ही तडजोड दरबारी सौजन्याची नव्हती. बोस्नियाशिवाय हे राज्य भौगोलिकदृष्ट्या उभेच राहू शकत नव्हते आणि बोस्नियाचे मुसलमान म्हणजे इस्लाम स्वीकारलेले क्रोएशियनच आहेत असा उस्ताशांचा दावा होता. त्यांना ‘क्रोएशियन राष्ट्राचे फूल’ म्हटले जाई. मुसलमान नेता जाफर-बेग कुलेनोविच हा उपपंतप्रधान होता. झाग्रेबमध्ये शिल्पकार इव्हान मेश्त्रोविच याने आखलेले, १९३८ साली उघडलेले वर्तुळाकार कलादालन मशिदीत बदलण्यात आले. त्याच्याभोवती तीन मिनार उभारले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये तिचे उद्घाटन झाले. युद्धानंतर नव्या सरकारने ते मिनार पाडले. क्रूस नसलेले पदक याच धोरणाचे लहान रूप होते. ऑर्थॉडॉक्स सर्बांसाठी असा विचार करण्याची राजवटीला गरज वाटली नाही. त्यांच्यासाठी तिच्याकडे वेगळी योजना होती.

‘सेवा’ या कल्पनेचा दुसरा, कितीतरी भीषण उपयोग इथेच पाहावा लागतो. ३० एप्रिल १९४१ च्या वंशकायद्याने ज्यू आणि रोमा लोकांना आर्य नसलेले ठरवले. त्यांचे नागरिकत्व, मालमत्ता, नोकरी, विवाहाचा अधिकार सगळे हिरावून घेतले. पण त्याच कायद्यातल्या सहाव्या कलमात एक दार उघडे ठेवले होते. १० एप्रिल १९४१ च्या आधी ज्यांनी क्रोएशियन जनतेची, विशेषतः तिच्या मुक्तीसाठी, सेवा केली होती अशांना राज्यप्रमुख आर्यांचे सर्व अधिकार देऊ शकत होता, आणि त्यांच्या पती-पत्नींनाही. म्हणजे सेवा मान्य झाली तर एखाद्या झाग्रेबच्या ज्यू कुटुंबाला घर राखता येई. नाही झाली तर छावणीची गाडी. उस्ताशा नेतृत्वातल्या काही घरांमध्येच ज्यू वंशाच्या स्त्रिया होत्या. क्वातेर्निकची पत्नी ओल्गा ही राष्ट्रवादी नेते योसिप फ्रांक यांची मुलगी, आणि फ्रांक जन्माने ज्यू होते. ओल्गा आणि स्लाव्को यांचा मुलगा एउगेन क्वातेर्निक हा पोलीस खात्याचा प्रमुख म्हणून छळाची यंत्रणा चालवत होता. कोणाची सेवा गणायची हे पोग्लाव्निकच्या मर्जीवर होते. वर्षभराने आलेल्या सेवागौरव ऑर्डरमध्ये हीच मर्जी मीनाकाम आणि फीत लेवून अवतरली. ही ऑर्डर आणि तो कायदा यांचा कागदोपत्री संबंध नाही, पण दोन्हींच्या मुळाशी राज्य एकच आणि सेवेचे माप ठरवणारा हातही एकच.

माप किती कठोर होते ते आकड्यांत दिसते. राज्याच्या साठ ते पासष्ट लाख लोकसंख्येत सुमारे १९ लाख सर्ब होते. अमेरिकेच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाच्या अंदाजानुसार उस्ताशांनी तीन लाखांहून अधिक सर्बांची हत्या केली. सुमारे ३० हजार ज्यूंचा बळी गेला आणि रोमा समाज जवळजवळ नष्ट झाला. साव्हा नदीकाठच्या यासेनोवात्स छावणीत मारल्या गेलेल्यांपैकी ८३ हजारांहून अधिक जणांची नावे तिथल्या स्मारकाने नोंदवली आहेत. ही छावणी १९४१ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत चालली. बहुसंख्य पदके त्याच चार वर्षांत, राज्याच्या राजपत्रात नावे छापून दिली गेली, हे संग्राहकांच्या देखण्या सूचिपुस्तकांमध्ये सहसा आढळत नाही.

मोठ्या ऑर्डरच्या खाली किरकोळ चिन्हांची रांग होती. जखमी सैनिकांसाठी पदक होते. ५ डिसेंबर १९१८ चे स्मृतिपदक होते. त्या दिवशी सर्बियाशी झालेल्या विलीनीकरणाविरुद्ध क्रोएशियन पायदळाच्या २५ व्या आणि ५३ व्या पलटणीतल्या सैनिकांनी झाग्रेबच्या येलाचिच चौकात निदर्शने केली होती आणि गोळीबारात काही जण मारले गेले होते. व्हेलेबिट उठावाचे चिन्हही होते. हा उठाव म्हणजे सप्टेंबर १९३२ मध्ये लिका भागातल्या ब्रुशानी येथील पोलीस ठाण्यावर मूठभर उस्ताशांनी घातलेला छापा. लष्करी दृष्ट्या तो नगण्य होता. पण राज्याला आपली वंशावळ हवी होती, आणि अशा पदकांनी १९१८ पासून १९४१ पर्यंतच्या तुटक घटना एका सरळ रेषेत ओवल्या गेल्या.

पदके घडवण्याचे काम झाग्रेबमध्येच होई. क्नाउस बंधूंचा कारखाना यात पुढे होता. शौर्यपदकाची आखणी इव्हो केर्दिच याने केली. केर्दिच (१८८१–१९५३) हा क्रोएशियातला नामांकित पदकशिल्पी. राज्याची जस्ताची नाणीही त्याच्याच हातची. कलावंतांच्या निष्ठांचा प्रश्न त्या काळात सोपा नव्हता. शिल्पकार आन्तुन आवगुस्तिन्चिच याने पावेलिचचा अर्धपुतळा घडवला होता. १९४३ मध्ये तो उस्ताशांविरुद्ध लढणाऱ्या टिटोच्या पार्टिझन सैन्यात सामील झाला आणि चित्रकार जॉर्जे आंद्रेयेविच-कुन याच्यासोबत पार्टिझनांच्या नव्या ऑर्डरची आखणी करू लागला. ऑगस्ट १९४३ मध्ये पार्टिझन तारा, राष्ट्रीय मुक्ती, बंधुता आणि एकता या नावांच्या ऑर्डर आणि एक शौर्यपदक सुरू झाले. एकाच देशात, एकाच वेळी, दोन विरोधी राज्ये एकमेकांना मारणाऱ्या माणसांना शौर्याची पदके देत होती, आणि त्यांच्या आखणीत झाग्रेबच्या एकाच कलाविश्वातली माणसे गुंतलेली होती.

क्रोएशियन सैनिकांच्या छातीवर पदकांची सरमिसळ होई. नियमित सैन्य, म्हणजे ‘दोमोब्रान’, आणि उस्ताशांची स्वतंत्र सशस्त्र दले यांना एकाच व्यवस्थेतून सन्मान मिळत. त्याखेरीज पूर्व आघाडीवर गेलेल्या क्रोएशियन तुकड्यांना जर्मन पदकेही मिळत. जर्मन गणवेश, दंडावर चौकटींची ढाल, हिटलरच्या नावाची शपथ आणि छातीवर लोखंडी क्रूसाच्या शेजारी पावेलिचचे पदक, असे तिथल्या माणसाचे रूप होते. सप्टेंबर १९४२ मध्ये पावेलिच पूर्व आघाडीवर गेला, युक्रेनमधल्या व्हिनित्सा येथे हिटलरला भेटला आणि स्टालिनग्राडकडे निघालेल्या ३६९ व्या प्रबलित पलटणीच्या सैनिकांना त्याने स्वहस्ते पदके लावली. काही महिन्यांत ती पलटण स्टालिनग्राडमध्ये संपली. तिचा शेवटचा प्रमुख मार्को मेसिच, ज्याला जर्मनांनी लोखंडी क्रूस दिला होता, १९४३ च्या फेब्रुवारीत रशियनांच्या हाती पडला. पुढे त्याच मेसिचने सोव्हिएत भूमीवर उभ्या राहिलेल्या पहिल्या युगोस्लाव्ह ब्रिगेडचे नेतृत्व करून पार्टिझनांच्या बाजूने लढाई केली.

सन्मान परदेशी मित्रांनाही गेले. झाग्रेबमधला जर्मन राजदूत झीगफ्रीड काशे आणि जर्मन सेनेचा प्रतिनिधी जनरल एडमुंड ग्लेझ-होर्स्टेनाऊ हे राजवटीच्या रोजच्या संबंधातले लोक. दोघांचे एकमेकांशी पटत नसे. काशे उस्ताशांचा कैवारी, तर ग्लेझ-होर्स्टेनाऊने त्यांच्या कत्तलींविषयी आपल्या अहवालांत आणि टिपणांत तिटकारा नोंदवला. राजदूत असो, जनरल असो की मंत्री, पदकांची देवघेव हा राजशिष्टाचाराचा भाग होता आणि त्यातून नैतिक संमती काढता येत नाही. तरीही काही नावे वादाची ठरली. झाग्रेबचे कॅथलिक आर्चबिशप अलोयझिये स्तेपिनात्स यांना १९४४ मध्ये सेवागौरव ऑर्डरची तारांकित महाश्रेणी देण्यात आली. राजवटीच्या आरंभी त्यांनी नव्या राज्याचे स्वागत केले होते, पुढे वंशभेदाविरुद्ध जाहीर प्रवचने दिली होती आणि खाजगी पत्रांतून निषेधही केला होता. युद्धानंतर १९४६ मध्ये युगोस्लाव्ह न्यायालयाने त्यांना १६ वर्षांची शिक्षा सुनावली. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. स्तेपिनात्स यांच्यावर लिहिणारे दोन्ही बाजूंचे लेखक आजही त्या पदकाकडे बोट दाखवतात. एक बाजू त्यात संगनमत पाहते, दुसरी केवळ राजवटीचा आटापिटा.

शेवटच्या वर्षांत व्यवस्थेचा पोकळपणा वाढत गेला. स्लाव्को क्वातेर्निकला १९४२ च्या शरदात पदावरून दूर करण्यात आले आणि त्याने देश सोडला. अंतर्गत मंत्री म्लादेन लोर्कोविच आणि सेनामंत्री आन्ते व्होकिच यांना ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस अटक झाली. पश्चिमी राष्ट्रांकडे वळण्याचा बेत त्यांनी आखला असा आरोप होता. राजवट पळून जाण्यापूर्वी दोघांनाही मारण्यात आले. राज्याने स्वतःच सेवेबद्दल गौरवलेली माणसे आता राज्याचीच शत्रू ठरत होती. दोमोब्रानच्या तुकड्या शस्त्रांसह पार्टिझनांना जाऊन मिळू लागल्या. ६ मे १९४५ रोजी सरकारने झाग्रेब सोडले आणि ८ मे रोजी पार्टिझन शहरात आले. क्वातेर्निक आणि काशे यांना जून १९४७ मध्ये झाग्रेबमध्ये मृत्युदंड देण्यात आला. ग्लेझ-होर्स्टेनाऊने १९४६ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या कैदेत आत्महत्या केली. पावेलिच ऑस्ट्रिया आणि इटलीमार्गे अर्जेंटिनाला पोहोचला. १० एप्रिल १९५७ रोजी, राज्याच्या स्थापनेच्या वर्धापनदिनीच, ब्वेनोस आयरेसजवळ त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातून तो सावरला, पण १९५९ मध्ये माद्रिदमध्ये मेला.

समाजवादी युगोस्लाव्हियात ही पदके बाळगणे धोक्याचे होते आणि अनेकांनी ती वितळवली, पुरली किंवा नदीत टाकली. परदेशी गेलेल्या निर्वासितांनी काही जपली. पुढे संग्राहकांच्या बाजारात त्यांना भाव आला आणि भावामागोमाग नकलाही आल्या. आज लिलावात येणाऱ्या या राजवटीच्या पदकांमध्ये बनावट नमुने इतके आहेत, की जाणकार शिक्का, वजन, मीनाकाम आणि फितीचे विणकाम तपासल्याखेरीज कशावरही भरवसा ठेवत नाहीत. ऑस्ट्रियाने २०१९ पासून उस्ताशांची चिन्हे सार्वजनिकरीत्या मिरवण्यास बंदी घातली आहे.

१९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या क्रोएशियाने १९९५ च्या कायद्याने आपली स्वतःची सन्मानव्यवस्था उभारली. तिची मांडणी मध्ययुगीन राजांच्या नावांभोवती आहे: तोमिस्लाव्ह, राणी येलेना, पेतार क्रेशिमिर चौथा, आणि दमितार झ्वोनिमिरही. ‘क्रोएशियन त्रिदल’ आणि ‘क्रोएशियन प्लेतेर’ या नावांच्याही ऑर्डर आहेत. राजे आणि नक्षी दोन्ही उस्ताशांच्या कितीतरी आधीचे, तेव्हा ते त्यांच्या मालकीचे नाहीत हा नव्या कायद्याचा पक्ष. टीकाकारांना मात्र झ्वोनिमिर आणि त्रिदल ही जोडी १९४१ शीच जुळते. १९९४ मध्ये ‘कुना’ हे चलन आले तेव्हाही असाच वाद झाला होता, कारण पावेलिचच्या राज्याचे चलनही कुनाच होते. चलनाचा वाद २०२३ मध्ये क्रोएशियाने युरो स्वीकारल्यावर आपोआप मिटला. ऑर्डरची नावे कायम राहिली आणि आजही प्रजासत्ताकाचे अध्यक्ष ती देतात. सेवागौरव ऑर्डर मात्र त्या नावाने पुन्हा कोणी सुरू केली नाही.